तिसऱ्या प्रकरणातलं लग्न

कादंबरीमामांच्या नायकाला नायिकेचा हात धरायला अकरा वर्षं लागत. मोखाड्याच्या पंचायत समितीत ते शिपाई होते, मी लेखनिक. जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर ते प्रेमकथा लिहीत. सरकारी कागदाचा इतका चांगला उपयोग त्या इमारतीत दुसऱ्या कुणी केलेला मला ठाऊक नाही.

"मामा, यांचं जमणार कधी?" असं विचारलं की म्हणत, "भाऊसाहेब, नागलीचा रोप पण आधी राबात वाढवून मग लावतो आपण. माणसाला येळ नको?"

शेवटची कादंबरी सूर्यमाळच्या एका जोडप्याची होती. दोघं एकत्र राहतात, शेती करतात, मुलं होतात, ती दोनदा रुसून माहेरी जाते, परत येते. आणि अखेरच्या प्रकरणात थोरल्या मुलाच्या मांडवातच आईबापांनाही हळद लागते. आमच्याकडच्या पाड्यांवर यात नवल नाही. लग्नाची ऐपत येईपर्यंत संसार काही थांबत नाही. ते जोडपं म्हणजे मामा आणि मामीच, हेही मला माहीत होतं.

पण मी पडलो चार पुस्तकं जास्त वाचलेला. म्हणालो, "शहरातल्या वाचकाला हे पचायचं नाही. लग्न तिसऱ्या प्रकरणात घेऊ."

मामा बराच वेळ कागद सारखे करत राहिले. "तुम्ही शिकलेले. करा."

मी केलं. पुस्तक छापून आलं. जव्हारला प्रकाशन झालं: शाल, नारळ आणि पुस्तक न उघडलेल्या तिघांची भाषणं.

मामींना वाचता येत नव्हतं. मामांचे डोळे अधू झालेले, म्हणून त्यांच्या घरी मीच वाचायला बसलो. मामी चूल सोडून समोर आल्या. लग्नापाशी त्यांनी मला थांबवलं.

"ही बाई कोण?"

"तुम्हीच की, मामी."

"मी नाय. माझा लगीन पोराच्या मांडवात झाला. साऱ्या पाड्यानं पाहिला." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याच्या आधीच्या वर्सांची तुला लाज वाटली का रे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पान उलटलं आणि पुढे वाचू लागलो.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. दोन वर्षांनी गेले.

परवा खोडाळ्याच्या बाजारात मामी भेटल्या. म्हणाल्या, "माणूस चांगला होता, भाऊसाहेब. पण त्याला माझी लाज वाटायची."

मी त्यांना चहा पाजला.