देवीपुढे मांडलेली बॅटरी

फुगलेली लिथियम बॅटरी अजून चालेल की काढून टाकायची, हे आमचे मित्र मलाच विचारतात. आम्ही म्हणजे इन्नंबूरच्या बाहेर, कापणी झालेल्या भातखाचरांवर रविवारी सकाळी छोटी विमानं उडवणारी चार-दोन पोक्त माणसं. मी बॅटरी हातात घेऊन बोटांनी दाबून बघतो. उन्हात उडून आल्यावर जराशी फुगली आणि सावलीत निवल्यावर पुन्हा सपाट झाली, तर सांभाळून वापरा म्हणतो. निवल्यावरही पोट तसंच राहिलं, फरशीवर ठेवताच ती डुगडुगली, किंवा आतल्या एका सेलचा व्होल्टेज इतरांच्या मागे पडायला लागला, की संपलं. मग मालकाने कितीही गयावया करू दे. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर बोलतसुद्धा बसायचं नाही, लांब व्हायचं. या बाबतीत मी निर्दय आहे असं मित्र म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडतं.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातली गत. गेल्या सरस्वतीपूजेला ते मला चांगलंच कळलं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि सरस्वतीपूजा इथल्या रीतीची. त्या दिवशी घरातली पुस्तकं, हत्यारं, अवजारं सगळी देवीपुढे मांडायची, चंदन-कुंकू लावायचं, आणि विजयादशमीच्या सकाळची पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. ऐंशी ओलांडलेली माझी आई हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळते. घरात आम्ही दोघंच.

अंघोळ करून देवघरात आलो तर मांडणी झालेली. विळी, सांडशी, माझा स्क्रूड्रायव्हरचा डबा, माझी विमानं. आणि पोथीवर, समईच्या अगदी जवळ, चंदनाचा टिळा लावलेली माझी एक फुगलेली बॅटरी. विमान उडवायचं म्हणून मी ती पूर्ण चार्ज केली होती, पण तिचं पोट बघून बाद ठरवली आणि गच्चीवरच्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवली. सणानंतर बल्ब जोडून रिकामी करणार होतो.

"आई, ही कुठून काढलीस?"

"मडक्यांतून. बाकी सगळीं आंत, तें एकटें बाहेर कां? तेंही आयुधच कीं नाहीं?"

"ती खराब आहे, पेट घेईल. काढतो मी."

"मांडलें कीं मांडलें. उद्यां काढ."

इकडे आड, तिकडे विहीर. उचलावी तर तिच्या आयुष्यभराच्या नेमाला मी धक्का लावणार, न उचलावी तर घराला. मी वाळूची बादली आणली, वर टॉवेल टाकला आणि देवीपुढे मांडी घालून बसलो. समई विझू नये म्हणून खिडकी बंद होती. घामाने सदरा पाठीला चिकटला.

"तू पुढे तिण्णैवर जाऊन बस, वारा आहे," मी म्हणालो. आमच्याकडे ओट्याला तिण्णै म्हणतात.

"मज इथेंच बरें." ती दारातच पाट टाकून बसली, अगदी वाटेत. माझ्यावर पाळत ठेवायला बसली आहे, अशी माझी खात्री झाली आणि मला तिचा भयंकर राग आला. पन्नाशीतला माणूस मी, स्वतःच्या घरात एक वस्तू हलवायची सोय नाही! शेजारीण देवीच्या दर्शनाला आली. मला बघून तिने हात जोडले. असा भक्तिमान मुलगा मिळायला पुण्य लागतं, असं ती तमिळमध्ये म्हणाली.

दुपारी बॅटरीवरचा चंदनाचा टिळा तडकला. वाळून तडकला की खालचं पोट वाढून, ते काही कळेना. वास घ्यावा तर मोगरा, कापूर आणि सुंडलचे फोडणी दिलेले हरभरे, सगळं नाकात एक झालेलं. दुसऱ्या कुणाची बॅटरी असती तर मी केव्हाच ओरडलो असतो. इथे मात्र स्वतःलाच समजावत राहिलो, जरा वेळ बघू, निवेल. देवाशप्पथ, मला समईचीसुद्धा भीती वाटत होती.

मग ती डुगडुगली. कुणी हात लावला नव्हता. पोथीवर ती एका अंगाला कलंडली आणि टिळ्याचा तुकडा गळून पडला.

सांडशी मांडणीत होती, तिलाही हात लावायचा नाही! टॉवेलमध्येच बॅटरी धरली, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि दाराकडे धावलो. आई भिंतीला चिकटून बाजूला झाली. मागच्या अंगणात विहिरीपलीकडे बादली टेकवली, बॅटरी वाळूत दाबली आणि मागे सरलो. थोड्या वेळाने वाळू फुटल्यासारखी झाली आणि फस्स करून पांढऱ्या धुराचा लोट उठला.

वळून पाहिलं तर आई माझ्या मागेच उभी. पदर नाकाला.

"मोडला तुझा नेम," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "आता बोल काय बोलायचं ते."

"सकाळींच मोडायाचा होता. मी नको म्हणणारच. मज त्यांतलें काय कळतें? तुज कळतें."

"मग दिवसभर राखण कशाला करत बसलीस दारात? तिण्णैवर जा म्हणून सांगत होतो ना?"

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"तूं उठेनास," ती म्हणाली. "पेटलें असतें तर तुज एकट्याला आंत सोडून मी तिण्णैवर बसून काय करायाचें होतें?"