अक्कांचा शेपटा आणि वाणाची बाटली

आमच्या सासूबाई केसांच्या तेलाच्या मॉडेल झाल्या, ही बातमी आम्हाला भाजीवाल्याने दिली.

"अम्मा, फोटो सूपर!" म्हणत त्याने कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली आणि मोबाइल पुढे केला. बघते तर आमच्या अक्का! (सासूबाईंना सगळं यशवंतपूर अक्काच म्हणतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. मी पुण्याहून आलेली सून, म्हणजे अजून पाहुणीच.) फोटो गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवातला, आमच्या महिला मंडळाच्या फेसबुक पानावरून उचललेला. काळी चंद्रकळा, नाकात नथ आणि खांद्यावरून पुढे घेतलेला तो काळाभोर, मनगटाएवढा जाड शेपटा. शेजारी तेलाची बाटली आणि वर कन्नडमध्ये ठळक ओळ, 'सत्तरीतही असे केस! आमच्या अज्जीचं गुपित!'

"अज्जी?" अक्का कडाडल्या. "कुणाची अज्जी? मला अजून एक नातवंड नाही!"

(हे म्हणताना माझ्याकडे बघायची काहीएक गरज नव्हती.)

आता सांगायला हवं की मी व्हाइटफील्डच्या एका कंपनीत लोकांना ह्याच विषयाचं ट्रेनिंग देते. कुणी न विचारता तुमचा फोटो वापरला तर काय करावं, कुणाला लिहावं, पुरावा कसा जपावा, सगळं स्लाइडांसकट! त्यामुळे मी पदर खोचला.

"अक्का, तुम्ही निवांत बसा. हे माझं रोजचं काम आहे."

तेलवाल्याला मी असं कडक इंग्रजी पत्र लिहिलं, की वाचून माझी मलाच भीती वाटली. लगेच उत्तर आलं, 'आमच्या तेलात रस दाखवल्याबद्दल आभार!' मी आणखी कडक लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, ह्या वेळी खाली लाल बदामाचं चित्र! मग मात्र माझं डोकं सटकलं. त्या जाहिरातीखालीच मी सगळ्या जगाला दिसेल असं ठोकून दिलं, 'ह्या बाईंनी हे तेल जन्मात वापरलेलं नाही!'

चहा होईपर्यंत त्याखाली प्रश्नांची रांग लागली. 'मग त्या काय वापरतात?' 'प्लीज सांगा!' 'अक्का, आम्हालासुद्धा नाही सांगितलंत?' ह्यातल्या निम्म्या तर आमच्या मंडळातल्याच बायका!

इथे एक घरगुती गोष्ट फोडणं भाग आहे. अक्का कलप लावतात.

हे जगात फक्त मला ठाऊक होतं. कारण तो कलप मीच आणायची, तोही ऑफिसच्या कॅबमधून थेट व्हाइटफील्डहून. यशवंतपुरातले सगळे दुकानदार अक्कांना ओळखतात ना! मंडळात कुणी विचारलं तर अक्का मान वेळावून म्हणायच्या, "काही नाही मा, माहेरचंच देणं आहे." खुद्द माझ्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता. "आमच्या घराण्याचे केसच तसे," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. (टकलावरून हात फिरवत!)

"काय करून ठेवलीस गं मृदुला?" अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "ते तेल नाही म्हटलं की कलपाचं नाव निघणार. माझी सगळी अब्रू त्या शेपट्यात आहे! फोटो राहू दे तिथंच. तू स्वल्प गप्प बस."

बसले. पण आता गप्प बसून भागणार नव्हतं. संक्रांत आली आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या कुसुमताईंकडे हळदीकुंकू निघालं. कुसुमताई म्हणजे अक्कांची जिवाची मैत्रीण. मधे लांबलेल्या तापात त्यांचे केस पार गेले होते. तेव्हापासून डोक्यावरचा पदर त्या घरातसुद्धा ढळू देत नसत. त्यांनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मोठ्या कौतुकाने वाण पुढे केलं.

तेलाची बाटली! वर अक्का!

"सगळ्यांना हेच वाण," कुसुमताई म्हणाल्या. "मी कधीचं लावतेय. अजून फरक नाही, पण अक्कांचा फोटो आहे म्हटल्यावर खोटं कसं असेल? आज ना उद्या येतीलच केस."

खोलीभर बायका, प्रत्येकीच्या हातात आमच्या सासूबाई! मी डोळे मिटून घेतले. अक्का आता गोड हसतील, माहेरचं देणं म्हणतील आणि सुटतील, असं मला वाटलं. खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "कुसुम, हे तेल मी हुंगलेलंसुद्धा नाही. मी कलप लावते. बाटली माझ्या कपाटात आहे, माझ्या धुतल्या साड्यांच्या मागं. खोटं वाटत असेल तर ह्या मृदुलाला विचार, हीच आणून देते."

आणि अक्का थांबल्या कुठे? बाटलीवरचा नंबर वाचून त्यांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला. तेलवाला इंदिरानगरचा कुणी तरुण निघाला.

"फोटो नेटवर होता अम्मा," तो म्हणाला. "सगळ्यांनाच दिसत होता!"

"सरी, बरोबर आहे. माझ्या दारातली रांगोळीपण सगळ्यांना दिसते. म्हणून कुणी ती उचलून आपल्या दारात नेतं का, अप्पा? आणि माझ्या तोंडाकडे बघून इथं एक आजारी बाई रोज तेल चोळते आहे. तिला काय सांगणार तू?"

तो वरमला. मग, "सॉरी अम्मा. आजच काढतो. बाटल्यापण परत नेतो."

माझ्या सगळ्या स्लाइडा एकीकडे आणि ही रांगोळी एकीकडे! मला अक्कांचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणीच आलं. कुसुमताई त्यांना बिलगून हसत होत्या, रडत होत्या, आणि पदर कधी खांद्यावर आला ते त्यांनाही कळलं नाही. मग कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "अक्का, कलप कुठला हो?" पाठोपाठ दुसरा, "मी मेंदीत मिसळते!" बघता बघता निम्म्या मंडळाने कबुली दिली.

तेवढ्यात अक्कांच्या फोनवर तेलवाल्याचा मेसेज आला. कुठला फोटो काढायचा ते नीट कळावं म्हणून मूळ फोटो पाठवा. हे माझं खातं! मी तत्परतेने पाठवला. अख्खा, न कापलेला, अक्का आणि त्यांच्या शेजारी उभी मी.

दिलेल्या शब्दाला तो जागला. दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्याने मोबाइल पुढे केला, तेव्हा जाहिरातीतून अक्का गायब होत्या. त्यांच्या जागी मी होते. वर ठळक अक्षरांत, 'वापरण्यापूर्वी'!

मी तणतणत घरी आले. "अक्का, बघा हे! न विचारता! मी आत्ताच्या आत्ता लिहिते!"

अक्कांनी चष्मा लावला. फोटो बघितला. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

"लिही की," त्या शांतपणे म्हणाल्या. "विचारलं नाही म्हणून लिही. पण जाहिरात खोटी आहे असं मात्र लिहू नकोस हं!"