हात्सुएचं पाणी

जपानमधल्या यामातो-कोरियामा गावच्या इसाओंनी जन्मभर बस चालवली. घरचे सोनमासे सांभाळायची त्यांची बायको, हात्सुए. "माझ्यापेक्षा यांच्याशीच जास्त बोलतेस," असा टोमणा ते तिला मारायचे. ती गेल्यावर वर्षभर काचेच्या टाकीला कुणी हात लावला नाही. एकच म्हातारा मासा कसाबसा तग धरून होता.

शेवटी मुलगी नोरिको आली आणि बापलेक टाकी घासायला बसले. इसाओंनी मासा घमेल्यात ठेवला आणि जुनं हिरवं पाणी बादलीभर काढून ठेवलं. तिथली रीतच तशी: दुधाला विरजण लावावं तसं नव्या पाण्यात थोडं जुनं मिसळायचं, नाहीतर मासा दगावतो.

इसाओ मागच्या अंगणात टाकीतली रेती धुऊन परतले, तर बादली रिकामी!

"घाण वास मारत होतं, बाबा. गटारात ओतलं."

"घाण? तुझ्या आईनं लग्नात माहेरून आणलेलं पाणी होतं ते!"

नोरिकोचा चेहरा पडला. आरडाओरडा ऐकून समोरच्या ओकुमुराबाई डोकावल्या, परत गेल्या आणि आपल्या माशांच्या हौदातलं बादलीभर हिरवं पाणी घेऊन आल्या.

"हौद नवा बांधला तेव्हा हात्सुएनंच दिलं होतं. तिचंच आहे हे."

इसाओंनी कमरेत वाकून बादली घेतली, पाणी टाकीतल्या नव्या पाण्यात ओतलं, मासा सोडला. मग रिकामी बादली नोरिकोच्या हातात दिली.

"परत देऊन ये. आणि त्यांचा हौद नीट बघून ठेव. माझ्यानंतर तुलाच यायचंय पाणी मागायला."