गणपतीपुढची दोरी

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चमध्ये लोक एका लाकडी कठड्यावरून हमरीतुमरीवर आले होते. बिशपांचा हुकूम असा की प्रसादाचं टेबल लोकांमधून उचलून भिंतीशी न्यायचं, पुढे कठडा घालायचा आणि भक्तांनी त्याच्याबाहेर गुडघे टेकायचे. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कॉलेजात मी हे शिकवते. मुलं हसतात. मीही हसायचे, आमच्या मराठी मंडळाने गणपतीपुढे दोरी लावेपर्यंत.

चांगली मखमली दोरी, स्टीलचे खांब, बँकेत असतात तसे. इथे विसर्जन नावापुरतं. तीच मूर्ती दर वर्षी खोक्यातून निघते, म्हणून हात लावून रंग जातो म्हणे. आमचा अध्यक्ष पुण्याचा इंजिनिअर. "लांबून दर्शन घेतलं तरी पुण्य तेवढंच," तो म्हणाला. पुण्याचा ठेका याला कोणी दिला, देव जाणे.

आमच्यातल्या एका काकूंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्या गणपती हातांनी बघतात. आधी सोंड, मग पोट, मग उंदीर, आणि मग दूर्वा वाहतात. मी हे सांगितल्यावर अध्यक्ष उदार झाला. "काकूंपुरतं एक्सेप्शन करू, यार."

"माझ्यासाठी काढणार आणि माझ्यामागच्या बाईसाठी परत लावणार? नको," काकू म्हणाल्या आणि दूर्वा घेऊन घरी गेल्या.

मग काय, आमच्यातले बाणेदार लोक तावातावाने मंडळातून फुटले. पुढच्या वर्षी एका गॅरेजमध्ये आमचा वेगळा गणपती बसला, चारी बाजूंनी मोकळा. इथे देव सगळ्यांचा, अशी भाषणं झाली. इंग्लंडमधले कठड्यावरून रुसलेलेही असेच या देशात आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी दुसऱ्यांना हाकलायला सुरुवात केली होती. पण पेढे खाताना इतिहास कोणाला आठवतो?

रविवारी गर्दी उसळली. नैवेद्याच्या ताटाला कोणाचा तरी पाय लागला आणि लगेच दोरी आली. मखमली कुठली, गाडीच्या टपावर गादी बांधायची जी दोरी होती, तीच. दोन खुर्च्यांना बांधून टाकली. बांधणारे तेच, भाषणं करणारे.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. नेहमीसारखे त्यांनी सोंड शोधायला दोन्ही हात पुढे केले आणि ते दोरीवर थांबले. त्यांनी ती एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत चाचपली.

"ही आपल्याच लोकांनी बांधली?"

काकूंनी दूर्वांची जुडी गाठीतच खोचली, दोरीला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "चल, मला घरी सोड."