अर्धं उघडं दार

आमची उत्तरा माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी चाल बघते. सलिलसाठी तिला बघायला गेलो होतो, तेव्हा मी सोफ्यावरून उठले आणि ही पोरगी पोह्यांची बशी हातात धरून म्हणते, "काकू, तुम्ही उजव्या पायावर भार देत नाही." होणाऱ्या सासूला पहिल्या भेटीत असं बोलतात का? घरी आल्यावर मी सलिलला म्हटलं, मुलगी आगाऊ आहे. तो म्हणाला, "पण आई, गुडघा दुखतो ना तुझा?" दुखत होता. तेव्हापासून तो गुडघा तिच्याच ताब्यात आहे.

ठाकुर्लीला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, ह्यांनी निवृत्तीनंतर घेतलेल्या. तिथे उत्तरानं फिजिओथेरपीचा दवाखाना काढला. मी दुपारची बाहेरच्या खोलीत बसून फोन घेते आणि भाजी निवडते. अर्ध्या सोसायटीच्या पाठी आणि गुडघे तिच्या हाताखालून गेलेत. आमचे सेक्रेटरी हरिहरभाऊ, त्यांचा तर खांदा पार आखडलेला. पाडव्याला सोसायटीच्या गेटावर गुढी उभारायचा मान त्यांचा. गेल्या वर्षी हात कानापर्यंतसुद्धा जाईना, गुढी दुसऱ्याच कुणी उभारली आणि हा माणूस खुर्चीत तोंड पाडून बसला. उत्तरानं त्यांना रोज भिंतीवर बोटं चालवायला लावली. "वर न्या भाऊ, अजून थोडं. आता खाली हळू घ्या. एकदम सोडायचा नाही, दुसऱ्या हातानं कोपराला आधार द्या." महिनोन्‌महिने मी हेच ऐकत होते. यंदा गुढी त्यांनी स्वतः उभारली आणि आमच्याकडे श्रीखंडाचा डबा आला.

पाडवा झाला आणि संदेश नावाचा पेशंट आला. उत्तराची शाळेतली मैत्रीण कादंबरी वकील आहे, ती त्याला घेऊन आली. कोपरीचा मुलगा, रिक्षा चालवायचा. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचलला, कोठडीत ठेवला, आणि चोर भलताच निघाला म्हणून सोडून दिला. पण तेवढ्यात त्याच्या तळपायांवर पट्ट्यानं मारलं होतं आणि हात मागे बांधून टांगलं होतं. रिक्षाचं हँडल त्याला धरता येत नव्हतं. चालायचा तर टाचा टेकवत नव्हता.

बाकीच्यांना उत्तरा पलंगावर पालथं झोपवते आणि दार लावून घेते. संदेशला तसं नाही. त्याला खुर्ची, तीही दाराकडे तोंड करून, आणि दार अर्धं उघडं. दार लावलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. ती पाठीमागून कधी त्याच्याजवळ गेली नाही. प्रत्येक वेळी आधी विचारायची, "हात लावू?" आणि तो मान हलवेपर्यंत नुसती बसून राहायची. एकदा त्यानं शेवटपर्यंत मान हलवलीच नाही. तिनं त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. मी म्हटलं, मग आज केलंस काय? तर म्हणाली, "आज त्यानं नाही म्हटलं आणि कुणीतरी ऐकलं, आई."

कादंबरीनं पोलिसांवर केस टाकली. कोर्टानं उत्तराला विचारलं, काय दिसलं ते लिहून द्या. तिनं दिलं. दोन्ही तळपायांना आणि दोन्ही खांद्यांना झालेली इजा पडून झालेली नाही, ही मारहाण आहे, एवढंच. सलिलनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पडूनही होऊ शकतं, असं एक वाक्य घाल ना. तुझं काय जातं?" ती म्हणाली, "पडून होत नाही रे." खोटं कशाला बोलू, मी मनातून सलिलच्या बाजूची होते.

त्याच आठवड्यात दोघं जण दवाखान्यात आले. साधे कपडे, पायात मात्र ते पोलिसांचे तांबडे बूट. माझ्याशी इतकं गोड बोलले की मी चहा टाकला. आलं किसून टाकला, मेला. चहा पिऊन त्यातला मोठा उत्तराला म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव चांगलं आहे, उगाच कशाला? तो कागद मागे घ्या. घाईत लिहिला म्हणा." उत्तरा म्हणाली, "घाईत लिहिला नव्हता." त्यानं कप बशीत ठेवला आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "दवाखान्याचे परवाने बिरवाने सगळे आहेत ना?"

झालं, तिथून आमचा जीव टांगणीला लागला. पहिल्यांदा तपासणीला माणसं आली. सुया कुठे टाकता म्हणाले. अहो, ती सुई टोचतच नाही, टाकणार कुठून? तरी शेरा मारून गेले. मग आग विझवायचं यंत्र, मग बोर्डाची लांबीरुंदी, मग तिची डिग्री खरी आहे का ते. मधूनच चौकीवरून फोन, जबाबाला या. ती जायची, बाकावर बसायची, आणि साहेब बाहेर गेलेत, उद्या या. एकदा मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. अख्खी दुपार त्या बाकावर काढली. समोरचा हवालदार आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता, मोबाइलवर क्रिकेट बघत होता. कुणी हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. तरी येताना रिक्षात मी तिच्यावरच चिडले. "तुला कशाला ही उठाठेव? तू काय जगाचा मक्ता घेतलायस?" ती बाहेर बघत म्हणाली, "आई, मी दुपारभर नुसती बसले तर माझे हात थरथरतायत. तो तिथे दोन रात्री होता." मी तिचा हात हातात घेतला.

पेशंट गळायला लागले. गेटाजवळ एक मोटरसायकल रोज उभी असायची. मी गॅलरीतून ती आहे की गेली ते बघायचे, मग दूध आत घ्यायचे, असं सुरू झालं. बेल वाजली की सलिल आणि मी दोघंही दचकायचो. तरी संदेश दर गुरुवारी यायचा, मान खाली घालून, त्या मोटरसायकलच्या शेजारून. आता टाचा टेकवायला लागला होता. उत्तरा म्हणायची, अजून चार-सहा महिने मिळाले तर हा हँडल धरेल.

शेवटी त्यांनी नेमकी जागा पकडली. दवाखान्याला सोसायटीची संमती लागते, ती दर वर्षी आपोआप व्हायची. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची फाईल किती वर्षं कचेरीत अडकलीय, सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. हरिहरभाऊंना कुणीतरी बोलावून सांगितलं म्हणे, तुमची फाईल टेबलावर आलीय, पण तळमजल्यावरचं ते प्रकरण निस्तरा आधी. भाऊंनी सभा लावली. दवाखान्याची संमती चालू ठेवावी की काढून घ्यावी, एवढाच विषय. संमती गेली की टाळं, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. आदल्या दिवशी मी उत्तराला म्हटलं होतं, "अजून वेळ आहे. तो कागद मागे घे. मी तुझ्या पाया पडते." तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "गुडघ्यावर भार देऊ नका." आगाऊ ती आगाऊच.

सभेत कुणी वाईट बोललं नाही, ते एक बरं. "उत्तराताईंबद्दल आदरच आहे," असं म्हणून जो तो पुढे "पण" म्हणायचा. एक जण म्हणाला, असली माणसं सोसायटीत येतात, लेकीबाळी आहेत आपल्या. मी उठणार होते, सलिलनं माझा पदर धरला. उत्तरा एवढंच म्हणाली, "माझ्याकडे दुखणं घेऊन जो येतो त्याला मी बघते. तुम्हालाही तसंच बघितलं."

भाऊ उभे राहिले. "संमती काढून घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." दोनचार हात अर्धवट वर गेले, बाकीचे भाऊंकडे बघत होते. तेव्हा भाऊंनी स्वतःचा हात वर केला. उजवा. खांदा न उचलता, कोपर न वाकवता, कानाला लागून सरळ वर, पाडव्याला गुढी उभारताना गेला होता तसा. मग भराभर सगळे हात वर गेले. मोजायची गरजच पडली नाही.

त्या हाताला सकाळ-सकाळ उठून शेक दिला होता माझ्या सुनेनं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, आणि बोलावंच तिनं. ती त्या हाताकडेच बघत होती. नजर अगदी दवाखान्यातली.

"भाऊ," ती म्हणाली, "खाली हळू घ्या. एकदम सोडू नका."

भाऊंनी डाव्या हातानं कोपराला आधार दिला आणि हात हळूहळू खाली घेतला. शिकवला होता तसाच. मग खाली बसले आणि सभा संपेपर्यंत त्यांनी तो आधार काढला नाही.

कागद तिनं मागे घेतला नाही. दवाखान्याला टाळं लागलं, किल्ली सलिलच्या कपाटात आहे. मला वाटलं, आता तरी घरात शांतता होईल. गुरुवारी सकाळी ती खालची खुर्ची वर घेऊन आली आणि आमच्या हॉलमध्ये मांडली, दाराकडे तोंड करून. मी काय ते समजले. म्हटलं, "घरात? अगं, समोरच भाऊंचं दार आहे. खाली ती मोटरसायकल आहे." ती म्हणाली, "आई, तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलवत. तुमचं घर आहे." नको हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण नाही म्हटलेलं ऐकणारी ही बाई, तिला तो म्हणायचा तरी कसा?

संदेश आला, खुर्चीत बसला. दार अर्धं उघडं. मी दाराशी पाट घेऊन मेथी निवडायला बसले. आतून तिचा आवाज आला, "हात लावू?" आणि त्याच वेळी खाली जिन्यात बूट वाजले. वर येत होते. समोर भाऊंच्या दाराची कडी आतून लागली. माझा हात कधी आमच्या कडीवर गेला मला कळलं नाही. एक धक्का दिला असता तर दार लागलं असतं. मागे वळून बघितलं, तर संदेशच्या कपाळावर घाम आणि नजर माझ्या हातावर.

मी कडीवरचा हात काढला, दार आणखी थोडं उघडलं आणि पाट उंबऱ्यात सरकवून बसले. मेथी अजून अर्धी निवडायची होती.