चित्राखालची ओळ

मी ॲनिमे पाहते हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे त्याला कार्टूनच म्हणतात. मामी तर एकदा लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणारा समोर उभा असताना, मोठ्यानं म्हणाली होती, "हिला स्थळ कुठून जमायचं, ही अजून कार्टून बघती." मी मान खाली घालून जिलबी खात राहिले. पस्तिशीला टेकलेल्या बाईनं मोठाल्या डोळ्यांच्या जपानी पोरांसाठी रुमाल भिजवावा, हे कुणाला पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याला कळतं त्याला कळतं, बाकीच्यांनी जिलबी खावी.

पण गेल्या वर्षभरात या कार्टूननं माझ्यात जो बदल केला, तो मलाही आधी कुणी सांगितला असता तर पटला नसता.

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्याहून पडेगावला, बाबांकडं आले. काम घरून करायचं होतं, तेव्हा म्हटलं, थोडे दिवस राहावं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, बाबा एकटेच असतात. फोनवर ते नेहमी मजेत असायचे. स्कूटर विकली, कारण पेट्रोल महाग झालं. पत्ते सोडले, कारण पत्त्यात आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही. पेपर बंद केला, कारण पेपरात सगळं खोटंच असतं. मी सगळ्याला 'बरं केलंत' म्हणत गेले. मग त्या दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिले, हाक मारली, आणि बाबा माझ्या शेजारच्या खांबाकडं पाहून हसले.

काचबिंदू होता. तो चोरपावलांनी येतो म्हणतात. आधी कडेचं जग खातो, मग आत सरकतो. गेलेली नजर आता येणार नाही, उरलेली टिकते का बघू, असं डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. बाबांनी मान डोलावली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं होतं. उरलेली टिकली नाही. पावसाळा संपता संपता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं.

मला वाटलं होतं बाबा रडतील, चिडतील. त्यांनी फक्त एक केलं. त्यांनी मला बजावलं, "माय, कुनाला बोलू नको."

हे 'कुनाला' म्हणजे मुख्यतः चाचा. चाचा आणि बाबा पाटबंधारे खात्यात बरोबरच लागले, कालव्यावर बरोबरच हिंडले आणि निवृत्त होऊन घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर बांधली. बाबांची नजर कालव्यावर नावाजलेली होती. भराव कुठं पाझरतोय हे ते लांबून, गवताच्या रंगावरून ओळखायचे. चाचा आल्यागेल्याला सांगायचे, "इसकी नजर मतलब घार की नजर." आता त्या माणसासमोर आंधळं होऊन बसायचं, हे बाबांना काही केल्या जमेना. चाचा दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी यायचे. फाटकाची कडी वाजली की बाबा आतल्या खोलीत जायचे आणि मी दारात जाऊन सांगायचे, झोपलेत. चाचा म्हणायचे, "सोने दो, सोने दो." मग दौलताबादच्या रस्त्यावरून आणलेली सीताफळं माझ्या हातात द्यायचे आणि बाहेरच्या पायरीवर जरा वेळ बसून निघून जायचे. आत बाबा भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे. मला ते बघवत नसे. एवढं सांगते, त्या वर्षात मला दुसरं काही नको होतं. बाबांनी चाचांना घरात घ्यावं, एवढंच हवं होतं.

माझं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपायचं. जेवण झालं की मी पुढच्या खोलीत कूलरपुढं लॅपटॉप घेऊन बसायची, कारण कूलर तिथंच होता. बाबा खुर्चीत. पडदे ओढलेले, वाळ्याचा ओला वास, आणि कूलरच्या घरघरीत जपानी बोलणं. एक दिवस बाबा म्हणाले, "काय म्हनतेत ते?"

इथं एक खुलासा करायला हवा. आम्हा ॲनिमेवाल्यांत दोन जाती आहेत. एक मूळ जपानी आवाजात, खाली सबटायटल वाचत पाहणारे, आणि दुसरे डबिंगवाले. मी पहिल्या जातीतली, तीही कट्टर. डबिंगच्या नावानं मी वर्षानुवर्षं बोटं मोडली आहेत, त्यापायी एक बरी मैत्रीण गमावली आहे. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच तोंडून, मराठवाडी मराठीत डबिंग सुरू झालं. देव बघत असतो.

बाबांना आधी मी हिंदीतलं लावून दिलं होतं, ते सोपं म्हणून. दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "बंद कर. समदे एकाच मास्तरनं पढवल्यासारखे बोलतेत. ते पहिलंच बरं व्हतं." मी मनातल्या मनात उडी मारली. शेवटी रक्त आपलंच.

मालिकेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर जाणकार भांडायला येतील. गोष्ट साधी आहे. शहरातली एक मुलगी मामाच्या गावी येते. गावाजवळ धरणाचं मोठं पाणी आहे आणि जुनं गाव त्या पाण्याखाली गेलेलं आहे. मामा होडी चालवतो. पुढं बरंच काही होतं, पण घाईनं काहीच होत नाही. मी ती आधी एकदा पाहिली होती आणि मला ती पाठ आहे अशी माझी समजूत होती.

मी संवाद सांगू लागले. मुलगी म्हणते, मला इथं राहायचं नाही. मामा म्हणतो, बरं. मुलगी म्हणते, मी पळून जाईन. मामा म्हणतो, जेवून जा. असं चाललं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा एकदम वैतागले.

"आगं, बोलनं मला ऐकू येतंय. दिसतंय काय ते सांग की."

मी पडद्याकडं पाहिलं. काय दिसत होतं? मामा होता. मुलगी होती. खोली होती. खोलीत काय होतं? मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी खालची ओळ वाचत आले होते. ओळ येते, ओळ जाते, पुढची येते, आणि वर जे कुणी महिनोन्महिने बसून रंगवलेलं असतं ते डोळ्यांच्या वरच्या कडेनं निसटून जातं. मी बाबांना म्हटलं, थांबा. चित्र थांबवलं, आणि पहिल्यांदा पाहिलं.

खिडकी होती. खिडकीबाहेर विजेच्या तारा होत्या, त्या मधे किंचित झोळ खाल्लेल्या. चटईवर उन्हाचा चौकोन पडला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात मुलीच्या पायाची बोटं होती, बाकी पाय सावलीत. किटली. किटलीच्या झाकणाचा टवका उडालेला. हे सगळं मी सांगितलं तसे बाबा खुर्चीत मागं टेकले.

"आन् आभाळ?"

आभाळ त्या मालिकेत फारच सुंदर होतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

तिथून आमच्या दुपारी बदलल्या. एक भाग संपायला दोन-दोन दिवस लागायचे. मी चित्र थांबवायची, सांगायची, बाबा प्रश्न विचारायचे. पाण्याचा रंग कसा हाय? लाटा हायेत का नुसत्या सुरकुत्या? होडीची सावली कुठल्या अंगाला? सावलीवरून ते वेळ काढायचे आणि म्हणायचे, चारचा सुमार. कधी कधी उलट तेच मला सांगायचे. मामाचा मुलगा खाली ओळीत म्हणायचा, मी ठीक आहे, आणि बाबा म्हणायचे, "खोटं बोलतंय पोरगं. घसा भरलाय त्याचा." मी पुन्हा लावून, ओळीवर हात ठेवून ऐकलं. खरंच भरला होता.

पाण्याखालचं गाव आलं त्या दुपारी बाबांनी मला चित्र थांबवायला लावलं. मग आमच्याकडच्या धरणाचं, नाथसागराचं सांगू लागले. नव्यानं नोकरीला लागले तेव्हा एका कडक उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं आणि एका बुडालेल्या गावाच्या देवळाचं शिखर वर आलं होतं. गावची माणसं कुठून कुठून बैलगाड्यांनी, सायकलींनी आली. पाण्याच्या काठावर उभी राहिली. नारळ फोडून ते शिखराच्या दिशेनं फेकले. "कुनी रडलं नाय," बाबा म्हणाले. "नुसतं बघत व्हते. कुनाचं घर कुठं व्हतं ते एकमेकाला हातानं दाखवत व्हते. हितं माझा गोठा. तिथं चावडी. नुसतं पानी व्हतं तिथं, पर त्यांना दिसत व्हतं."

बाबांनी हे मला पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत मला दुपारची झोप लागली की सगळं एकमेकांत मिसळायचं. ती जपानी मुलगी बाबांच्या विकलेल्या स्कूटरवरून कालव्याच्या भरावानं जायची. मामा लष्करी छावणीतल्या मोठ्या झाडांखाली होडी दुरुस्त करत बसायचा. जाग आल्यावर खोलीतला उजेड कुठल्या देशातला आहे हे क्षणभर कळायचं नाही. भाजी आणायला बाहेर पडले की आमचं पडेगाव, ज्याला मी जन्मभर कंटाळत आले, कुणीतरी सावकाश रंगवल्यासारखं वाटायचं. वेरूळकडं जाणारी बस, तिच्या काचेतून सरकणारे ढग. गॅरेजवाल्यानं धुवून तारेवर टाकलेला निळा डगला. लांब धुरकट हवेत दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर. मी थांबून पाहायची आणि मनातल्या मनात बाबांसाठी शब्द जुळवायची. भाजीवाली म्हणायची, "काय ताई, पैसे हरवले का?" मी म्हणायची, नाही, बघतेय. ती मागं वळून बघायची, तिला काहीच दिसायचं नाही. माझी कीव येऊन ती जास्तीची कोथिंबीर घालायची.

मी सुखात होते, हे कबूल करायला हवं. पण चाचा पायरीवर बसून जातच होते. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाबा, त्यांना कळलं तर काय होईल?" बाबा असे काही भडकले की मी दोन पावलं मागं सरले. "त्यो मला हाताला धरून रस्ता वलांडून देईन, ते मला पायजे का? त्यानं? मला?" त्या दिवशी त्यांनी मालिकाही ऐकली नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

थंडी आली. कूलर झाकून ठेवला, पडदे उघडले. मालिका शेवटाकडं आली होती. पाणी खाली गेलं होतं आणि मुलगी मामाला न सांगता होडी घेऊन एकटीच निघाली होती, जुन्या गावाकडं. बाबा खुर्चीच्या टोकावर आले होते. नेमकी तेव्हा फाटकाची कडी वाजली. चाचा भरदुपारी कधी येत नसत, त्यात गोष्ट रंगात आलेली, त्यामुळं बाबांना आत जायचं सुचलंच नाही. मी चित्र थांबवलं, दार अर्धंच उघडलं आणि सवयीनं म्हटलं, "झोपलेत, चाचा."

आतून बाबांचा आवाज आला. "कोन म्हनलं झोपलोय? ये रे आत. पर मधी बोलू नको, पोरगी होडीत बसलीय."

मी दार पूर्ण उघडलं. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, चपला काढल्या आणि आत गेले.

मला तिथं उभं राहवेना. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. बाहेर बाबा गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. शहरातली पोरगी, मामा, बुडालेलं गाव. मग आत्ताचं चित्र. "ह्ये एवढं पानी. सकाळचं. वर धुकं. शिखर नुकतं वर आलंय, वीतभर. आन् त्याच्यावर एक बगळा बसलाय, एका पायावर." मी चहात साखर टाकता टाकता थबकले. बगळा नव्हता. मी बगळा सांगितलाच नव्हता. आम्हा लोकांना गोष्टीतला तपशील चुकला की अंगावर काटा येतो, बाहेर जाऊन दुरुस्ती करावी असं मनात आलंही. पण गेले नाही.

चाचा पडद्यासमोर वाकले असावेत, त्यांचा आवाज लांबून आला. "किधर है बगुला? मेरेकू तो नजर नही आ रहा."

"मला तरी कुठं नजर येतंय?" बाबा घाईघाईनं म्हणाले, गोष्ट अडली म्हणून जरा चिडूनच. "आंधळा झालो ना मी. लेक सांगती, मी बघतो. तू बस खाली."

 चहा उतू जायला आला होता तो मी कसाबसा खाली उतरवला.  इतके महिने या घरात जे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, ते बाबांच्या तोंडून गोष्टीच्या गडबडीत निघून गेलं होतं, आणि त्यांच्या अजून ध्यानातही आलं नव्हतं.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. चाचांनी ती बाबांच्या खुर्चीला लागूनच ओढली असावी. घसा खाकरून ते म्हणाले, "हौ. अच्छा. फिर? होडी में बैठी, फिर क्या हुआ?"

आणि बाबा पुढं सांगू लागले.