रघुवीर तिर्लोटकरांचा गजर

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर रघुवीर तिर्लोटकर राहतात. वय अठ्ठावन्न. ते साठ-साठ वादकांसाठी विलायती पद्धतीचं संगीत लिहितात. चाळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणाला त्याचं विशेष काही वाटत नाही. ते काय करतात असं कोणी विचारलं तर शेजारी सांगतात, "व्हायोलिनवाले," आणि जिना दाखवतात.

त्यांचे वडील गंगाधरबुवा दिवसा गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवत आणि शनिवारी भजनाला बसत. देवगडकडची माणसं जिथे जिथे खोल्या करून राहत, तिथे तिथे बुवांना बोलावणं असे. रघुवीर सहाव्या वर्षापासून त्यांच्या मागे बसून झांज वाजवी. पुढे धोबीतलावला एका गोवेकर मास्तरांकडे तो व्हायोलिन शिकला. मास्तरांनी त्याला कागदावर सूर मांडायला शिकवलं. चाल बांधायला मात्र तो बापाच्या मागे बसूनच शिकला होता.

पंधरा वर्षं त्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत व्हायोलिन वाजवलं. मशीनं आली, वादक घरी बसले. मग दादरला शिकवण्या धरल्या आणि उरलेल्या वेळात स्वतःचं लिहायला घेतलं. त्यांच्या बरोबरीचे शिकलेले लोक तेव्हा कर्कश, तुटक, कोड्यासारखं संगीत लिहीत होते. रघुवीर आधी गाऊन बघत आणि मगच पेन्सिल उचलत. जे गळ्यातून निघत नाही, ते त्यांनी कागदावर ठेवलं नाही. त्यांच्या संगीतात एक लांब चाल खालच्या सुरात उगवते, हळूहळू वर चढते, आणि सगळी वाद्यं तिच्याभोवती गोळा होतात. एका जाणकाराने भर सभेत त्यांना ऐकवलं होतं, "तिर्लोटकर, तुम्ही शंभर वर्षं उशिरा आलात."

"आलो ना?" रघुवीर म्हणाले. "मग बसायला जागा द्या."

यंदा त्यांची मोठी रचना पहिल्यांदाच पुऱ्या वाद्यवृंदाकडून वाजायची होती. तिचे भाग चार. शेवटच्या भागाचं नाव गजर. भजनात बुवा एक ओळ धरतो, मागचे उचलतात, लय वाढत जाते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरते, तो गजर. रघुवीरांनी सोळा मात्रांची एक ओळ लिहिली, तिला फिरवण्याची खूण केली आणि वर मराठीत लिहिलं, 'बुवाच्या हातावर.' किती वेळा फिरवायचं, ते लिहिलंच नाही.

बुधवारी परळच्या एका शाळेच्या सभागृहात तालीम होती. वाद्यवृंद चालवणारा विनीत विजयकर गिरगावातल्या जुन्या प्रभू घरातला, परदेशी शिकून आलेला. पाचव्या फेऱ्यात अर्धे वादक पुढे गेले आणि अर्धे मागे राहिले. विनीतने काठी खाली ठेवली.

"काका, आकडा द्या."

"आकडा कसा देऊ? भरलं की थांबायचं."

"कोणाचं भरलं की?"

"बुवाचं."

"इथे बुवा कोण? मी? मला तर दुसऱ्याच फेऱ्यात भरून आलं." वादक हसले. विनीत हसला नाही. "आठ लिहा, बारा लिहा. शुक्रवारपर्यंत आकडा नाही आला, तर रविवारी तीनच भाग वाजतील. साठ माणसं घेऊन मी अंधारात उडी मारणार नाही."

रघुवीर घरी आले. कागदावर त्यांनी आठ लिहिलं आणि गाऊन बघितलं. आठव्याला गजर पायरी चुकल्यासारखा पडला. बारा केलं, तर नवव्यापासूनच शेवट दिसू लागला. दोन्ही आकडे त्यांनी खोडले. गजर गाळला तर उरलेले तीन भाग कोणाच्या तरी दारात सोडून दिल्यासारखे झाले असते. आधीचं सगळं तिथे पोचण्यासाठीच लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी ते शेजारच्या खोलीत तात्यांकडे गेले. तात्यांनी तीस वर्षं गंगाधरबुवांना पखवाजाची साथ केली होती.

"तात्यानूं, बाबा गजर किती वेळा फिरवायचे?"

"कोणी मोजल्यान?"

"मग थांबायचं कधी, हे त्यांना कसं कळे? आतून येई का?"

तात्या खोकत खोकत हसले. "आतून? अरे खुळ्या, तुझो बापूस माझ्या हाताकडे बघीत रवायचो! माझो हात जड होताना दिसलो की गजर आवरायचो. मी तरणो होतंय तेव्हा पंधरा-वीस वेळा. मगे दमो लागलो, सात-आठात खलास. लोक म्हणत, बुवा काय रंगले! बुवाक काय, गळो तेचो, पण हात माझे."

लहानपणापासून रघुवीर बापाला पाठीमागूनच बघत आले होते. पाठीमागून बापाचे डोळे दिसत नाहीत.

शुक्रवारी त्यांनी कागदावरचं 'बुवाच्या हातावर' खोडलं आणि आकडा न लिहिताच तालमीला गेले. वाद्यवृंदात सगळ्यात मागे मधुरा नावाची मुलगी तांब्याचे मोठे नगारे वाजवते. गजराची लय तिच्याच हातात असते.

"विनीत, तू हिच्या मनगटाकडे बघ," रघुवीर म्हणाले. "जड होणार असं वाटलं की डावी मूठ वर कर. तो शेवटचा फेरा."

"आणि मला वेळेवर दिसलं नाही तर?"

"मी ओरडेन ना, सर," मागून मधुरा म्हणाली.

पहिल्यांदा अकरा फेरे झाले आणि दोन व्हायोलिनं एकटीच पुढे धावली. दुसऱ्यांदा नऊ फेरे झाले आणि साठ जण एका श्वासात थांबले. विनीतने रुमालाने मान पुसली. "रविवारी वाजवू," तो म्हणाला, "पण काका, परत असं लिहू नका."

रविवारी गजर वाजला. पुढच्या रांगांतले लोक सावरून बसले. विनीतचे डोळे मागच्या नगाऱ्यांवर होते. त्याने मूठ वर केली, शेवटचा फेरा गेला आणि सगळं एकदम थांबलं. टाळ्यांना थोडा वेळ लागला, मग त्या बराच वेळ चालल्या.

रघुवीर मंचामागे गेले. मधुरा नळाखाली मनगट धरून उभी होती.

"किती फेरे झाले गं?"

"मोजले नाहीत, सर. पण अजून एक झाला असता."

"मग गजर बरोबर थांबला," रघुवीर म्हणाले. तिने मनगट बाहेर घेतलं, तसा नळ बंद करायला त्यांनी हात पुढे केला.